भरदुपारच्या सावल्या उजळायला: पहिला बेअरबल्ब फ्लॅश कसा निवडावा

मे महिन्यातलं लग्न, मुहूर्त दुपारी साडेबाराचा आणि जोडप्याचे फोटो हॉलबाहेरच्या मोकळ्या जागेत. ऊन डोक्यावर. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावली, मुंडावळ्यांच्या मण्यांच्या रेघा गालावर. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवलं की शालूची जर पांढरीफटक पडते, जरीसाठी कमी केलं की चेहरा बुडतो. ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर, वाशीच्या सागर विहारला, खारघरच्या सेंट्रल पार्कात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण येतेच. तिच्यावरचा उपाय म्हणजे फिल लाइट: सावलीत थोडासाच प्रकाश भरायचा, इतका थोडा की फोटो बघणाऱ्याला फ्लॅश मारलाय हे कळता कामा नये.

हा लेख त्यासाठी लागणाऱ्या, खांद्यावरच्या बॅगेत मावणाऱ्या बेअरबल्ब, म्हणजे उघड्या नळीच्या फ्लॅशच्या किटबद्दल आहे. नवीन माणूस दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतो, 'सगळ्यात पॉवरफुल कोणता?' फिल लाइटसाठी फ्लॅश जास्तीत जास्त किती प्रकाश देतो याच्याइतकंच तो कमीत कमी किती देऊ शकतो हेही बघावं लागतं. माझ्या मते तर दुसरा प्रश्न आधी विचारावा.

पायरी १: तुम्ही कुठे फोटो काढता?

कागद घ्या आणि पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही खरोखर कुठे फोटो काढणार आहात ते लिहा. ठाणे आणि नवी मुंबईत साधारण तीन तऱ्हेच्या जागा निघतात. पहिली म्हणजे उघडं ऊन: पाम बीच रोडलगतची खाडी, तलावपाळी, पाडव्याची स्वागतयात्रा. दुसरी, छोट्या खोल्या आणि हॉल: नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतला साखरपुडा, नेरुळच्या फ्लॅटमधलं डोहाळेजेवण, घरगुती गणपती. तिसरी, झाडांची सावली आणि पावसाळी ढग: येऊर, पारसिकचा डोंगर.

उन्हात ताकद लागते. खोलीत ताकद नको असते, हळुवारपणा हवा असतो. सावलीत दोन्हीच्या मधलं काम असतं, तिथे जवळपास कुठलाही फ्लॅश चालतो, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. तुमच्या यादीत पहिल्या दोनांपैकी काय जास्त आहे यावर पुढचा सगळा निर्णय ठरेल.

पायरी २: बेअरबल्ब काय करतो आणि काय करत नाही

साध्या स्पीडलाइटमध्ये (कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढवायच्या छोट्या फ्लॅशमध्ये) फ्लॅशची नळी एका चौकोनी डबीत, आरसा आणि भिंगाच्या मागे बसवलेली असते. बेअरबल्बमध्ये तीच नळी उघडी, पुढे आलेली असते. टॉर्च आणि छताला टांगलेला उघडा बल्ब यांच्यात जो फरक, तोच इथे. टॉर्चचा झोत एका दिशेला जातो, बल्ब जवळजवळ सगळीकडे प्रकाश फेकतो.

खोलीत याचा मोठा फायदा होतो. नळीचा थोडाच प्रकाश थेट माणसावर पडतो. बाकीचा छतावर, भिंतींवर, जमिनीवर आपटून परत येतो आणि सावल्या आपोआप भरल्या जातात. वाइड लेन्स लावली तरी फ्रेमच्या कोपऱ्यापर्यंत प्रकाश एकसारखा पसरतो, मध्ये पांढरा ठिपका आणि कडेला अंधार असं होत नाही. सॉफ्टबॉक्समध्ये (प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीत) घातला तर पुढचं कापड कडेपर्यंत उजळतं.

आता जे कुणी नीट सांगत नाही ते. उघड्या मैदानात बेअरबल्ब 'सॉफ्ट' नसतो. सावलीची कड किती मऊ हे प्रकाशाचा स्रोत माणसाच्या मानाने किती मोठा दिसतो यावर ठरतं, आणि ती नळी तर बोटाएवढी. सागर विहारला ना छत, ना भिंत. चहूबाजूंना गेलेला प्रकाश खाडीत जातो, परत येत नाही. मग मैदानात तो वापरायचाच कशाला? कारण फिलचा प्रकाश उन्हापेक्षा दीड-दोन स्टॉप कमी असतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा, एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट). तो इतका मागे राहतो की त्याची कडक सावली उन्हाच्या प्रकाशात विरून जाते. शिवाय उघड्या नळीला वारा लागत नाही. पाम बीचच्या बाजूला संध्याकाळी खाडीवरून वारा सुटतो तेव्हा मोठा सॉफ्टबॉक्स लावलेला स्टँड आडवा व्हायला क्षणही लागत नाही.

एक धोका मात्र खोलीतच आहे. प्रकाश भिंतीवरून परत येतो तो भिंतीचा रंग घेऊनच. हळदीच्या मांडवात पिवळी कापडं असतील तर चेहरे पिवळे होतात. पोपटी भिंतींच्या खोलीत हनुवटीखाली हिरवट झाक येते आणि ती नंतर संगणकावर काढणं फार त्रासाचं असतं, कारण ती चेहऱ्याच्या एकाच बाजूला असते. रंगीत मांडवात नळीवर रिफ्लेक्टर चढवून प्रकाशाला एक दिशा द्यावी, बेअरबल्बचा हट्ट धरू नये.

पायरी ३: ताकदीचं गणित

फ्लॅशची ताकद वॉट-सेकंदात सांगतात. डब्यावर छापलेला गाइड नंबर (फ्लॅशचा प्रकाश किती लांब पोचतो ते सांगणारा आकडा) तुलनेला घेऊ नका. तो कधी रिफ्लेक्टर लावून, कधी झूम करून मोजलेला असतो, आणि उघड्या नळीचा आकडा त्यापेक्षा बराच कमी निघतो.

भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० ठेवलं तर साधारण एफ/११ अ‍ॅपर्चरला एक्स्पोजर बरोबर येतं. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सची उघडी फट, आकडा जितका लहान तितकी ती मोठी. बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक स्पीड (फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात जलद शटर) १/२०० किंवा १/२५० च्या आसपास असतो, म्हणून हा आकडा धरला. फिल लाइट दीड स्टॉप कमी हवा, म्हणजे फ्लॅशने एकट्याने माणसावर एफ/६.७ एवढा प्रकाश टाकला की काम झालं. एफ/११ ला लागणाऱ्या प्रकाशाच्या मानाने हा प्रकाश जवळपास एक तृतीयांश आहे. म्हणूनच मुख्य प्रकाश म्हणून उन्हाशी झुंजायला जो फ्लॅश अपुरा पडतो, तो फिलसाठी पुरतो. दोन मीटरवरच्या एकदोन माणसांसाठी २०० वॉट-सेकंद हा माझ्या मते पहिल्या किटसाठी योग्य आकडा आहे. अंतर मात्र विसरू नका: दोन मीटरवरून चार मीटरवर गेलात की प्रकाश एक चतुर्थांश होतो, दोन स्टॉप गेले. दहा-बारा जणांच्या कुटुंबाच्या फोटोला तो फ्लॅश धापा टाकतो.

आता आत या. संध्याकाळी हॉलमध्ये तुम्ही आयएसओ १६००, एफ/२.८ वर असता. आयएसओचे चार स्टॉप, अ‍ॅपर्चरचे चार, मिळून आठ स्टॉपचा फरक. फुल पॉवरपासून १/२५६ पर्यंतही बरोबर आठच स्टॉप होतात. म्हणजे बाहेर तुम्ही १/२ पॉवर वापरत असाल तर तेवढ्याच अंतरावरून आत तुम्हाला १/५१२ लागेल, आणि पुष्कळशा फ्लॅशना इतकं खाली जाताच येत नाही. जो फ्लॅश १/१२८ लाच थांबतो तो अजून एक स्टॉप जड पडतो. साखरपुड्याच्या फोटोंमध्ये सगळ्यांच्या कपाळावर चकाकी आणि मागची रोषणाई मेलेली दिसते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. फ्लॅश खालच्या टोकाला अडकलेला असतो आणि फोटोग्राफर हतबल.

यावर तीन उपाय आहेत. फ्लॅश लांब ठेवणं, पांढऱ्या छताकडे किंवा भिंतीकडे वळवून थेट प्रकाश अडवणं (यात सहज दोन-तीन स्टॉप जातात), किंवा नळीवरच्या डोमवर पांढऱ्या कापडाचा थर चढवणं. तिन्ही चालतात. पण खरेदीच्या वेळी 'किमान पॉवर किती' हा प्रश्न विचारला तर निम्मा त्रास तिथेच टळतो.

उन्हात पार्श्वभूमी धूसर करायला एफ/२.८ हवं असेल तर दोन रस्ते. एक हाय स्पीड सिंक, म्हणजे सिंक स्पीडपेक्षा जलद शटरवरही फ्लॅश चालवायची सोय: शटर १/३२०० पर्यंत न्यायचं, पण यात फ्लॅशची ताकद दोन स्टॉप किंवा अधिक घटते. दुसरा, लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी गडद काच. फिल्टर ऊन आणि फ्लॅश दोघांनाही सारखंच कमी करतो आणि तुम्ही अ‍ॅपर्चर चार स्टॉप उघडलेलं असतं, म्हणून फ्लॅशला जास्त मेहनत पडत नाही. बॅटरी वाचते. फिल्टर लावल्यावर अंधुक दिसून फोकस चाचपडतो ही त्याची अडचण, विशेषतः जुन्या डीएसएलआरवर. मिररलेस असेल तर मी फिल्टरच सुचवेन.

पायरी ४: कोणती यंत्रं बघायची

एके काळी लग्नाचे फोटोग्राफर क्वांटमचा क्यूफ्लॅश वापरत, त्याची बॅटरी वेगळी, खांद्यावर लटकवायची. नंतर गोडॉक्सचा एडी३६० आला, ३६० वॉट-सेकंदांचा, पण त्याचीही पीबी९६० बॅटरी कमरेला आणि मध्ये वायर. जुन्या बाजारात तो अजून दिसतो. ताकद चांगली आहे, पण मुहूर्ताच्या गर्दीत ती वायर कुणाच्या तरी हातात अडकणार हे गृहीत धरा.

२०१७ च्या सुमारास आलेल्या एडी२०० ने बॅटरी यंत्रातच घातली आणि हेड बदलायची सोय दिली: एक स्पीडलाइटसारखं सपाट फ्रेनेल हेड, दुसरं बेअरबल्ब. बॅटरी १४.४ व्होल्ट, २९०० एमएएच. कंपनीच्या आकड्यानुसार फुल पॉवरचे ५०० फ्लॅश. फिलसाठी तुम्ही १/४ किंवा त्याखालीच असता, त्यामुळे एक बॅटरी कार्यक्रमभर पुरते. एडी२०० ची किमान पॉवर १/१२८, एडी२००प्रो ची १/२५६. वर सांगितलेलं गणित आठवा. घरातले कार्यक्रम जास्त असतील तर एवढ्यासाठीच प्रो घ्यावा. बॅटरी आणि हेडसकट वजन किलोच्या आत राहतं, ठाण्याहून गर्दीच्या लोकलमध्ये पाठीवरच्या बॅगेत बसतं.

एडी१००प्रो लहान आणि गोंडस आहे, पण त्याचं डोकं गोल आणि काचेने झाकलेलं, तो बेअरबल्ब नव्हे. दुकानदार 'तेच काम करतो' म्हणाला तर मान्य करू नका. खोलीभर प्रकाश पसरवण्याचं काम तो तसा करत नाही. एडी३००प्रो ताकदीने पुढे आहे आणि मोठ्या कुटुंबांच्या फोटोंना उपयोगी, पण पहिल्या किटसाठी जड.

पैसे कमी असतील तर आधी भाड्याने घ्या. दोन कार्यक्रम भाड्याच्या फ्लॅशवर केले की तुमची यादी आपोआप दुरुस्त होते.

पायरी ५: तुमच्या कॅमेऱ्यावर चालेल ना?

फ्लॅश सगळ्यांना एकच, ट्रिगर मात्र कॅमेऱ्याच्या कंपनीचा वेगळा. गोडॉक्सच्या एक्सप्रो किंवा एक्स२टी ट्रिगरच्या नावापुढे अक्षर असतं: कॅननला सी, निकॉनला एन, सोनीला एस, फुजीला एफ. चुकीचं अक्षर घरी आणलं तर कॅमेऱ्याशी त्याचं जमणार नाही.

आपल्याकडे नवशिक्यांच्या हातात कॅननचे १५००डी आणि २००डी मार्क २ खूप दिसतात. या कॅमेऱ्यांच्या हॉटशूवर (फ्लॅश किंवा ट्रिगर चढवायच्या वरच्या खाचेवर) मधली पिन नाही. त्यामुळे कुठलाही स्वस्त, साधा रेडिओ ट्रिगर त्यांच्यावर फ्लॅश उडवणार नाही. तुमच्याकडे यातला कॅमेरा असेल तर तो सोबत नेऊन, लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

लग्नात दोन-तीन टीम असतात आणि सगळ्यांचे ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर. दुसऱ्याने बटण दाबलं आणि तुमचा फ्लॅश उडाला असं होतं. घरून निघण्याआधीच चॅनेल आणि आयडी बदलून ठेवा.

पायरी ६: सोबत काय

सुरुवातीला थोडंच घ्या. उघड्या नळीवर चढणारा पांढरा डोम, एक छोटा रिफ्लेक्टर त्याच्या डिफ्युझरसह (प्रकाश पसरवणाऱ्या पांढऱ्या झाकणासह), आणि मोनोपॉड, म्हणजे एका पायाची काठी. मोनोपॉड का? भाऊ, मैत्रीण, चुलत बहीण, कुणीही तो हातात धरून तुमच्याबरोबर चालू शकतं, आणि मंडपातल्या गर्दीत स्टँडला जागा मिळत नाही. दुसरी बॅटरी नंतरही घेता येते.

रंगीत जेल (प्रकाशाचा रंग बदलणारे पारदर्शक पातळ तुकडे) मात्र पहिल्याच दिवशी घ्या. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका तो पिवळसर. फ्लॅशचा प्रकाश ५६०० केल्विनच्या आसपास, दुपारच्या उन्हाशी जुळणारा. हॉलमधले पिवळे दिवे ३००० च्या आसपास असतात. जेल न लावता फिल दिला तर चेहरा निळसर आणि मागचा मंडप नारिंगी दिसतो, आणि फ्लॅश मारलाय हे लगेच उघड होतं. पिवळ्या दिव्यांत पूर्ण सीटीओ (नारिंगी जेल), संध्याकाळच्या तिरप्या उन्हात अर्धा किंवा पाव. जेल डोमला किंवा रिफ्लेक्टरला लावायची, नळीला टेकवायची नाही. नळी तापते, जेल वितळून चिकटते.

मोठे सॉफ्टबॉक्स, छत्र्या, रंगीबेरंगी ग्रिड हे सगळं वर्षभराने बघा.

पायरी ७: दुकानात

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं जवळजवळ आहेत. ठाण्याहून मध्य रेल्वेने किंवा वाशीहून हार्बरने सीएसएमटीला उतरलात की चालत जाता येतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, दुकानदाराला वेळ असतो. कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड न्या.

फ्लॅश मॅन्युअलवर, किमान पॉवरवर ठेवा. एकाच पांढऱ्या भिंतीचे लागोपाठ दहा फोटो काढा, कॅमेराही पूर्ण मॅन्युअल. मग हिस्टोग्राम (फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा, डोंगरासारखा आलेख) एकापाठोपाठ एक बघा. डोंगर जागेवरून हलत असेल तर तो फ्लॅश खालच्या टोकाला स्थिर नाही, आणि फिलचं काम तिथेच असतं. त्यानंतर फुल पॉवरवर पाच-सहा फ्लॅश मारून तो पुन्हा तयार व्हायला किती वेळ घेतो ते पाहा. हेड काढून परत बसवा, खटकन बसतं का डगमगतं ते हाताला कळतं. हेड बदलताना फ्लॅश बंद करून थोडं थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार व्होल्टेज असतं.

वापरलेला घेत असाल तर नळीची टोकं बघा. काळवंडलेली असतील तर नळी बरीच झिजली आहे. बॅटरी फुगलेली, कवच नीट न सरकणारी असेल तर तिथूनच नमस्कार करा. फार जुना फ्लॅश थेट हॉटशूवर चढवू नये, त्याचं ट्रिगर व्होल्टेज आजच्या कॅमेऱ्याला झेपेलच असं नाही.

जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि वॉरंटी कोण देणार ते बिलावर लिहून घ्या. बिलाशिवाय स्वस्त मिळणारा माल दुरुस्तीच्या वेळी महाग पडतो.

पायरी ८: पहिला सराव

घरातल्या कुणाला तरी दुपारी चार वाजता तलावपाळीच्या कट्ट्यावर पाठीवर ऊन घेऊन बसवा. फ्लॅश बंद. मागचं पाणी आणि आकाश बरोबर येईल असं एक्स्पोजर मॅन्युअलवर लावा, शटर सिंक स्पीडच्या आत. चेहरा काळसर येईल, येऊ द्या.

आता फ्लॅश कॅमेऱ्याच्या जवळ, डोक्यापेक्षा थोडा वर धरायला सांगा. फिल लाइट बाजूने देऊ नये, नाहीतर चेहऱ्यावर उन्हाची एक आणि फ्लॅशची दुसरी, अशा दोन सावल्या दिसतात. कॅमेऱ्याच्या रेषेतून आलेल्या प्रकाशाची सावली माणसाच्या मागे लपते. नथीची आणि मुंडावळ्यांची सावली सांभाळायलाही हीच जागा उत्तम. १/३२ पासून सुरू करा आणि एकेक स्टॉप वाढवत जा. एका क्षणी फोटो 'फ्लॅशचा' वाटायला लागेल, त्वचा सपाट, चकचकीत. तिथून एक ते दीड स्टॉप खाली या. तोच तुमचा फिल.

चेहऱ्याकडे बघून ठरवू नका, हनुवटीखालच्या सावलीकडे बघा. ती सावली दिसली पाहिजे आणि तिच्यात त्वचेचा पोत आणि मंगळसूत्राचे मणीही दिसले पाहिजेत. सावली पुसली गेली तर जास्त झालं. फ्लॅश चालू आणि बंद असे दोन फोटो शेजारी ठेवून पाहायची सवय लावा. बंद केलेला फोटो आधी पाहिला की डोळा लवकर शिकतो.

सिंक स्पीडच्या आत शटर बदललं तर फक्त ऊन कमी-जास्त होतं, फ्लॅश तसाच राहतो. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ मात्र दोघांना हलवतात. संध्याकाळ होत जाते तसं शटर हळू करत न्या, फ्लॅश आहे तसाच राहू द्या. टीटीएलवर (फ्लॅशची ताकद कॅमेराच ठरवतो त्या पद्धतीवर) काम करायचं असेल तर उणे दीडपासून सुरुवात करा. पण पांढऱ्या सदऱ्याचा नवरदेव आणि गडद शालूतली नवरी शेजारी उभे राहिले की टीटीएल प्रत्येक फ्रेमला वेगळा निर्णय घेतं, म्हणून मी मॅन्युअलचाच आग्रह धरेन. माणसं चष्म्याची असतील तर फ्लॅश आणखी वर न्या, काचेतला पांढरा ठिपका सगळं उघड करतो.

सीवूड्सच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरलेले असतील तेव्हा तिथे फ्लॅश बॅगेतून काढूच नका. बागेत किंवा रेल्वेच्या हद्दीत स्टँड लावण्याआधी विचारून घ्या.

नळी आणि पावसाळा

नळीला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून काचेवर डाग पडतो आणि नळी तिथेच तडकू शकते. हात लागलाच तर थंड झाल्यावर स्वच्छ, कोरड्या कापडाने पुसा. बॅगेत ठेवताना संरक्षक टोपी हवीच, उघडी नळी ही या किटची सगळ्यात नाजूक वस्तू. एक जादा नळी घेऊन ठेवली तर लग्नसराईत निश्चिंत राहता.

एडी२०० च्या जातीचे फ्लॅश पावसासाठी बनवलेले नाहीत. येऊरला जून ते सप्टेंबर जाणार असाल तर फ्लॅशच्या अंगाला प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधा, नळीवरचा डोम तेवढा उघडा ठेवा. एसी हॉलमधून दमट हवेत बाहेर आलात की पाचदहा मिनिटं बॅगेतच राहू द्या, आतल्या भागांवर दव धरतं. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि पुड्यांचा रंग बदलला की बदला. बॅटरी महिनोन् महिने वापरणार नसाल तर पूर्ण रिकामी ठेवू नका, अर्ध्याच्या वर चार्ज करून, यंत्रातून काढून, वेगळी ठेवा.